डोळ्याच्या खालचं झाड

कलम घ्यायला आलेला माणूस आधी पानं पाहतो. पानं रुंद, हिरवीगार, चकचकीत असली की त्याचं अर्धं समाधान होतं. मग उंची पाहतो, मग भाव विचारतो. डोळा बांधलाय त्याच्या खालचं वीतभर खोड आणि त्या खोडाखालची मुळं यांच्याकडे फार थोड्यांची नजर जाते. आम्हा पन्हेरीवाल्यांचं, म्हणजे रोपवाटिकावाल्यांचं, आयुष्य मात्र त्या वीतभर खोडातच जातं. संत्र्याचे डोळे चांगल्या झाडावरून एका सकाळी आणता येतात. हातात कसब असलेला गडी दिवसभरात शेकडो डोळे बांधतो. खालचं झाड मात्र बियांपासून करावं लागतं आणि तिथे घाई चालत नाही. बी टाकल्यापासून कलम गाडीत चढेपर्यंत दीड ते दोन वर्षं जातात, आणि त्यातला बहुतेक काळ आम्ही संत्र्यासाठी नव्हे, जंबेरीसाठी राबत असतो. जंबेरी म्हणजे खडबडीत, जाड सालीचं आंबट लिंबू. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. अमरावतीकडच्या वरूड-मोर्शीतली बहुतेक संत्री मात्र त्याच्याच खुंटावर, म्हणजे डोळ्याखालच्या झाडावर, उभी आहेत.

मी मूळची अकोल्याकडची. बाळापूर तालुक्यात वाडेगावच्या आसपास कागदी लिंबाच्या बागा आहेत आणि तिथला लिंबाचा बाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. माझं माहेर त्याच भागातलं. आमच्याकडे लिंबाचं झाड म्हणजे बियांचंच. भरपूर लागणाऱ्या, खैऱ्या रोग कमी येणाऱ्या झाडाची पिकून पिवळी झालेली लिंबं बाबा वेचून ठेवायचे, त्यांचं बी गादीवाफ्यावर टाकायचे, आणि पुढच्या पावसाळ्यात रोप खड्ड्यात जायचं. चार-पाच वर्षांनी त्याच रोपाला लिंबं. डोळा, खुंट हे शब्द घरात कुणी काढत नसे.

लग्न होऊन या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात, शेंदूरजनाघाटला आले. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव संत्र्याच्या कलमांवर जगतं. मध्य प्रदेशात, पार राजस्थानात झालावाडपर्यंत इथल्या पट्ट्यातल्या कलमा गेल्या आहेत. पहिल्याच वर्षी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, जंबेरीच्या भरल्या ओळीतून कातर घेऊन जाताना पाहिलं. डोळा लागला होता त्याच्या वरची सगळी शेंडी ते कापत चालले होते. माहेरी ज्या रोपाचं एक पान तुटलं तरी बाबा हळहळायचे, तसलीच ही रोपं. मला राहवलं नाही. "मामाजी, एवढं चांगलं झाड काहून कापता?" ते न थांबता म्हणाले, "झाड कुठं कापलं? झाड तं खाली हाय. वर पाहुना येनार हाय." मला वाटलं, सुनेची समजूत काढताहेत. पुढे पन्हेरी माझ्या हातात आली तेव्हा समजलं की त्यांनी आमचा सगळा धंदा दोन वाक्यांत सांगितला होता.

जंबेरीची फळं नोव्हेंबर-डिसेंबरात पिकतात. ती कापायची रीत आहे. सुरी सालीपुरतीच खोल घालून मधोमध गोल फिरवायची, मग दोन्ही हातांनी पीळ देऊन फळ उघडायचं. सरळ चिरलं तर सुरी बियांवरून जाते. कापली गेलेली बी वरून धड दिसते आणि वाफ्यात सडते. दिवसभर हे काम केलं की नखांच्या कडा रसानं चरचरतात, पण घरात जो वास भरतो तो मला अजूनही आवडतो. बी बुळबुळीत असते. ते बुळबुळीत आवरण राहिलं तर त्यावरच बुरशी धरते, म्हणून राखेत चोळायची आणि दोन-तीन पाण्यांनी धुवायची. तरंगलेली फेकायची, बुडालेली ठेवायची. मग सावलीत बारदान्यावर पसरायची, तीही वरचं पाणी सुकेपर्यंतच.

ज्वारी, तूर, हरभरा यांची सवय असलेला शेतकरी इथेच फसतो. बियाणं म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे ऊन, डबा आणि पुढचा मृग येतो. माझ्या नात्यातल्या एकांनी हौसेनं जंबेरीचं बी मागून नेलं, गच्चीवर कडक वाळवलं, डब्यात घालून ठेवलं आणि पावसाळ्यात पेरलं. एकही उगवलं नाही. लिंबूवर्गातली बी अशी कडक वाळली की बहुतेक मरते. ओलसर राहील अशी, बुरशीनाशक लावून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर काही काळ टिकते. खरा मार्ग एकच, आज काढली तर उद्या-परवा वाफ्यात.

आणि नेमकी तेव्हा थंडी असते. पारा पंचवीस-तीस अंशांवर असला की ही बी जोमानं उगवते, तेराच्या खाली गेला की तिचं काम जवळजवळ थांबतं. डिसेंबर-जानेवारीत वऱ्हाडातल्या रात्री कितीदा दहाच्याही खाली जातात. महिना होऊन गेला तरी वाफा काळाच्या काळा. सुरुवातीला मी रोज सकाळी जाऊन माती उकरायची, आणि सासूबाई ओरडायच्या. जुन्या काळी वाफ्यावर गवत अंथरून ऊब धरत. आता आम्ही कमानी लावून वर पांढरं प्लास्टिक घालतो, दुपारी कडा उचलून वारा देतो, ऊन कलताच पुन्हा झाकतो. त्या कडा वेळेवर उचलल्या नाहीत तर आत वाफ धरते आणि दुसरं संकट दारात येतं.

ते संकट म्हणजे रोपं कोलमडणं. रोप बोटभर झालेलं असतं, दोन पानं उघडलेली असतात. संध्याकाळी वाफा सुरेख दिसतो. सकाळी पाहावं तर मधोमध ताटाएवढ्या जागेतली सगळी रोपं मातीलगत मऊ पडून आडवी झालेली. चार दिवसांत ते ताट परातीएवढं होतं. मातीतली फायटोफ्थोरा, पिथियम ही बुरशी हे करते. तीच फायटोफ्थोरा पुढे बागेत डिंक्या होऊन झाडाचं खोड कुजवते. म्हणजे पन्हेरीतून गेलेली माती म्हणजे गिऱ्हाइकाच्या शेतात आपण पोचवलेला रोग. हे कळल्यावर मला औषधांपेक्षा मातीची काळजी जास्त वाटू लागली. काळ्या रानात एकाच जागी वर्षानुवर्षं पन्हेरी धरायची ही आमच्याकडची जुनी पद्धत. ती सोडायला घरात बरीच वादावादी झाली. ट्रे, पिशव्या, शेडनेट यांचा खर्च कोण काढणार, हा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

मातीच्या बाबतीत माझ्या माहेरचा उन्हाळा कामी आला. अकोल्याच्या उन्हानं सगळे वैतागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि अमरावतीकडेही काही फार कमी नसतं. भिजवलेल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचं, कडा मातीनं बुजवायच्या आणि महिना-दीड महिना तसंच ठेवायचं. काळं प्लास्टिक नको, ऊन आत शिरलं पाहिजे. या उन्हात वरच्या थरातली पुष्कळशी बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचं बी मरतं. कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, कारण एक रुपयाचं औषध त्यात नव्हतं. करून पाहिलं आणि पुढच्या हिवाळ्यात वाफ्यांतली ती ताटं दिसेनाशी झाली. अजूनही अधूनमधून रोप पडतं, पण पूर्वीसारखी पहाटे धडधडत्या छातीनं वाफ्याकडे जायची वेळ येत नाही.

आता या धंद्यातल्या सगळ्यात नवलाच्या गोष्टीकडे येते. जंबेरीची बी उगवली की पुष्कळदा एका बीतून दोन रोपं येतात, कधी तीन. माहेरी कागदी लिंबातही हे पाहिलेलं होतं. जोडरोप आलं की बाबा एक काढून टाकायचे, एवढंच. त्यामागचं कारण मला पन्हेरीच्या एका प्रशिक्षणात समजलं. संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, जंबेरी यांच्या बीत परागीकरणातून झालेला गर्भ असतो. शिवाय आईच्या पेशींतून थेट तयार झालेले गर्भही असतात, आणि त्यांच्यात बापाचा काही अंश नसतो. ती रोपं हुबेहूब आईसारखी निघतात. पपनसाचं, महाळुंगाचं असं होत नाही, तिथे एका बीत एकच गर्भ. नारंगीच्या एका बीत दोन गर्भ असतात हे डच शास्त्रज्ञ लेव्हेनहूकनं १७१९ सालीच पाहिलं होतं. बाबांची बियांची लिंबं पिढ्यान्‌पिढ्या एकसारखी का निघत होती, याचं उत्तर मला असं सासरी मिळालं.

खुंटासाठी ही देणगीच आहे. हजारो रोपं एकाच आईची, एकाच वाढीची. पण सगळी नव्हेत. जंबेरीत शंभरातली पाच-दहा तरी वेगळी निघतात, कारण तिथे परागातून झालेला गर्भ जगलेला असतो. ती ओळखून काढून टाकणं हे पन्हेरीवाल्याचं खरं काम. बाकीचं काम पाणी, खत आणि मजुरी करते.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं शिकवलं. तिनं शाळा पाहिली नव्हती. ओळीतून चालता चालता ती मध्येच थांबायची, एक पान तोडून बोटांत चुरडायची, नाकाला लावायची आणि रोप उपटून बांधावर टाकायची. मी विचारलं तर म्हणायची, "याचा वासच दुसरा हाय. हे आपल्या घरचं नाही." मी तिच्या मागून फिरून तीच पानं चुरडून पाहायची. आधी सगळ्यांचा वास सारखाच यायचा. दोन हंगाम गेल्यावर नाकाला फरक कळू लागला. मग डोळ्यालाही दिसू लागलं. पानाच्या देठाला रुंद पंख असतील तर ते जंबेरीचं नाही. पान फार अरुंद, पेरं फार जवळजवळ, काटे वेगळे, की संशय घ्यायचा.

सगळ्यात जड जातं ते उंच रोप उपटणं. खुजी, रोगट रोपं काढायला कुणाची ना नसते. पण ओळीत एखादं रोप इतरांपेक्षा हातभर वर गेलेलं असतं, ताठ, गर्द. नवा गडी हमखास तेच राखतो. कधी कधी तेच परकं असतं. म्हणून आम्ही दोन्ही टोकं काढतो, फार खुजी आणि फार उंच, आणि मधली, एकसारखी राखतो. माझ्या मुलीनं एकदा असं उंच रोप उपटताना माझा हात धरला होता. तिला म्हटलं, ठेव, वेगळ्या कुंडीत लाव, पण त्याच्यावर डोळा बांधायचा नाही. ते झाड अजून विहिरीजवळ आहे. झाड म्हणून छान आहे. फळ फक्त ना जंबेरीसारखं, ना आणखी कशासारखं.

दुसरी निवड रोप वाफ्यातून पिशवीत जाताना होते. इथे मुळं पाहायची. सोटमूळ सरळ खाली गेलेलं हवं. दगडाला अडून वळलेलं, गुंडाळलेलं मूळ असेल तर वरचं रोप कितीही देखणं असलं तरी ते बाद. या दोन निवडींत किती रोपं गेली याचा हिशेब मामाजी मनात ठेवत आणि अस्वस्थ होत. पण थांबवायचे नाहीत. उरलेल्या रोपांचं काम मग त्यांच्या हातात जायचं. पावसाळ्यात पानं खाणाऱ्या अळीचा ते पिच्छा पुरवायचे. लिंबावरच्या फुलपाखराची ही अळी लहानपणी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे नजरेतून सुटते. मोठी होऊन हिरवी झाली की बोट लावताच डोक्यातून नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. रोज सकाळी वेचली तर फवारा लागत नाही. मामाजी चष्मा पुसत वेचायचे आणि नातवंडांना ते शिंग दाखवायचे.

खोड पेन्सिलीएवढं झालं की डोळे बांधायचे. थंडी सुरू होताना साल सहज सुटते, तेव्हा ते उत्तम लागतात. जमिनीपासून वीतभर उंच टी आकाराचा छेद, त्यात डोळा सरकवायचा, वरून पट्टी. वीतभर उंच का, तर डिंक्याची बुरशी मातीतून, पाण्याच्या शिंतोड्यांतून वर चढते आणि संत्र्याचं खोड तिला लवकर बळी पडतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. जोड मातीच्या वर ठेवा, आळ्यातलं पाणी खोडाला लागू देऊ नका, पावसाळ्याआधी बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. तरी बागेत गेलं की पुष्कळ ठिकाणी झाड पडू नये म्हणून जोडापर्यंत माती चढवलेली दिसते. मी बोलत बोलत हातानंच ती माती मागे ओढते.

डोळा कुठल्या झाडावरून घेतला हे तितकंच मोठं आहे. ट्रिस्टेझा, ग्रीनिंग हे रोग डोळ्याबरोबर येतात. बियांतून ते सहसा येत नाहीत. बियांचं रोप म्हणजे त्या झाडाची स्वच्छ सुरुवात, आणि त्यावर रोगी डोळा बांधला की दीड वर्षाची मेहनत मातीत जाते. लोक विचारतात, मग संत्राही बियांपासूनच का लावत नाही? लावता येतो, रोपं आईसारखीही निघतात. पण ते झाड कितीतरी वर्षं लहानपण सोडत नाही, काट्यांनी भरतं, उंच जातं आणि फळासाठी फार वाट पाहायला लावतं. कागदी लिंबाची गोष्ट वेगळी, ते लवकर फळावर येतं.

इथे थोडं लांब जाते, कारण खुंटाचं महत्त्व मला सगळ्यात जास्त एका परक्या झुडपानं पटवलं. प्रशिक्षणात एका कुंडीत ते पाहिलं. तीन तीन पानांचं, लांब टोकदार काट्यांचं. मला ते बेलाचं रोप वाटलं. बेलही याच कुळातला, त्रिदळी, काटेरी, पानं झडणारा. पण ते होतं त्रिपर्णी संत्र, मूळचं चीनचं. लिंबूवर्गातल्या ज्या झाडांशी आमचा रोजचा संबंध, ती बारमाही हिरवी. हे हिवाळ्यात सगळी पानं टाकतं आणि शून्याखाली पंधरा-वीस अंश सोसतं. फळ कडू, आंबट, केसाळ, पण थंड देशांत शोभेसाठी, कुंपणासाठी लावतात, आणि जपानात संत्र्याचा खुंट म्हणून शतकानुशतकं वापरतात. १८९४-९५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या बागा हिमानं मेल्या, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी गोड संत्र्याशी याचा संकर केला. संकराच्या बियांतून कुठलं रोप खरं दोघांचं आणि कुठलं नुसतं आईचं, हे त्यांना पानावरून कळायचं. तीन पानं आली की संकर, एकच आलं की आई. आमच्या म्हाताऱ्या बाईचं काम तिथे पानंच करत होती.

माझा एक भाचा अमेरिकेत बर्फाच्या मुलखात राहतो. अंगणात लिंबाचं झाड हवं म्हणून त्यानं मला फोन केला. कागदी लिंबू तिथे बाहेर एक हिवाळा काढणार नाही. मी त्याला हे झुडूप सुचवलं. त्यानं तिथल्याच एका बागेतली फळं मिळवली, तीही फ्लाइंग ड्रॅगन या जातीची, जिच्या फांद्या नागमोडी आणि काटे मागे वळलेले असतात. मग शिकवणी सुरू झाली. बी वाळू देऊ नकोस. धू, ओल्या शेवाळात घालून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेव, थंडी सरली की पेर. त्याचा पुढचा फोन आला तो उत्साहात, "मावशी, एका बीतून दोन आलीत!" मला इतका आनंद झाला की विचारू नका. या जातीत परकं रोप ओळखायला नाक लागत नाही. जी फांदी सरळ आणि काटे सरळ, ती बहुधा आईची नव्हे. भाच्याला उपटायचा धीर होत नव्हता. सरळ काट्याची रोपं त्यानं शेजाऱ्यांना कुंपणाला दिली.

असं काटक झाड आपल्याकडे खुंट म्हणून का नको? मीही हेच विचारलं होतं. कारण आपली जमीन. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत चुनखडी आहे, सामू आठच्या आसपास असतो. त्रिपर्णी संत्र्याला चुना सोसत नाही. लोह उचलता येत नाही, पानं पिवळी पडतात. बर्फाला न भ्यालेलं झाड आपल्या चुनखडीपुढे हरतं. जंबेरी या मातीत जोरात वाढते, भरपूर फळ देते, पण डिंक्याला तीही लवकर बळी पडते. रंगपूर लिंबू हा आणखी एक खुंट. तो चुना सोसतो, पाण्याचा ताणही सोसतो. ट्रिस्टेझा रोगानं दक्षिण अमेरिकेतल्या आंबट नारंगीच्या खुंटावरच्या बागा गेल्या शतकात लाखांनी मेल्या, तेव्हा ब्राझीलनं याच रंगपूरचा आधार घेतला. पुढे त्यावरही तिथे नवा रोग आला. सगळ्या मातीला, सगळ्या रोगांना पुरून उरेल असा एक खुंट मी तरी ऐकलेला नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आदल्या वर्षी पाऊस कमी, भूजल आधीच उपसून खोल गेलेलं, वरूड-मोर्शीतल्या उभ्या बागा वाळल्या. लोकांनी टँकरनं पाणी घातलं, दागिने मोडले, शेवटी कुऱ्हाडी लावल्या. त्या दिवसांत एका शेतकऱ्यानं मला बाग पाहायला बोलावलं. जंबेरीवरची बरीच झाडं वाळली होती. त्याच बागेत एका बाजूच्या ओळी रंगपूरवरच्या होत्या, पानं वळलेली, फळ गळलेलं, पण फांदी ओरखडली तर आत हिरवी. एका बागेवरून कायदा सांगू नये, तिथली जमीन थोडी खोलही असेल. पण वावरात उभं राहून मी जे पाहिलं त्यानंतर माझ्या वाफ्यांचा हिशेब बदलला.

त्याच सुमारास आणखी एक बाग पाहिली. मालकानं रस्त्यावर उभ्या राहिलेल्या गाडीवरून स्वस्त कलमा घेतल्या होत्या. सात वर्षं सांभाळल्या. एकाच ओळीत एक झाड डोक्याच्या वर, दुसरं कमरेइतकं, तिसऱ्याचं खोड जोडाच्या खाली फुगलेलं. पाणी, खत, मशागत सगळ्यांना एकच. खालचं झाड निवडलेलंच नव्हतं. तो माणूस मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "आता काही करता येईल का?" करता येण्यासारखं काही नव्हतं. त्याची सात वर्षं कोण भरून देणार? पावती नव्हती, गाडीचा पत्ता नव्हता. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे, परवाना लागतो, खुंट कुठला आणि डोळा कुठला याची नोंद ठेवावी लागते. ती वही मला पूर्वी कटकट वाटायची. त्या बागेतून आल्यावर मी वहीत दोन रकाने वाढवले. बी कुठल्या झाडाचं, आणि कलम कुणाच्या शेतात गेलं.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याला जमिनीचं विचारते. विहीर किती खोल, मार्चनंतर पाणी किती दिवस पुरतं, खणलं तर पांढरे खडे कुठे लागतात. काही जण वैतागतात. कलम द्या, चौकशी कायले, म्हणतात. पाणी भरवशाचं नसेल, चुनखडी वर असेल तर मी रंगपूरवरचं सुचवते. पुष्कळांना ते पटत नाही, कारण जंबेरीवरचं कलम पिशवीत जास्त भरदार दिसतं आणि बापजाद्यांनी तेच लावलेलं असतं. तिथे मी बळजबरी करत नाही. एखादी ओळ तरी लावून पाहा म्हणते.

मुलीनं पन्हेरीत लक्ष घालायला सुरुवात केली आहे. तिचा आग्रह आहे की प्रत्येक पिशवीवर खुंटाचं नाव रंगानं लिहायचं, म्हणजे लोक विचारू तरी लागतील. यंदा तसं केलं. आणि लोक खरंच विचारतात, "ताई, हे लाल म्हंजे काय अन्‌ निळं म्हंजे काय?" मग एक पिशवी फाडायची, माती झटकायची आणि मुळं हातात द्यायची. ते कलम मोडीत जातं, त्याचा भाव बुडतो. मामाजी असते तर थोडे कुरकुरले असते. या नोव्हेंबरात निम्मे वाफे रंगपूरचे धरायचं ठरलं आहे. त्याची फळं कुठून आणायची, हे अजून ठरायचंय. वाडेगावच्या बाजूला माझ्या भावाच्या बांधावर दोन जुनी झाडं आहेत, ती जाऊन पाहायची आहेत.